नमुना योग्य, माल स्वीकृत

जयप्रकाश मुजुमदारांची मोटारसायकल निळा धूर सोडायला लागली होती ती बहुधा पावसाळ्याच्या आधीपासूनच, पण त्याची अधिकृत नोंद झाली सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. गरियातल्या त्यांच्या इमारतीचे सेक्रेटरी सान्यालबाबू त्या सकाळी पार्किंगमध्ये डोळे मिटून दीर्घ श्वसन करत होते. मुजुमदारांनी किक मारायला आणि सान्यालबाबूंनी श्वास आत घ्यायला एकच गाठ पडली. पुढची पाच मिनिटं सान्यालबाबू नुसतेच खोकत होते. खोकला थांबल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सल्ला दिला. कलकत्त्यात आजारी माणूस असो की इंजिन, औषधाच्या आधी सल्ला येतो. सान्यालबाबूंचं निदान असं, की गाडीचं पचन बिघडलं आहे आणि तिला काही दिवस हलकं तेल द्यावं.

प्रदूषण तपासणीवाल्याने मात्र पथ्य वगैरे काही सांगितलं नाही. पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यातल्या त्याच्या टपरीत यंत्राची नळी धुराड्यात गेली, पडद्यावर लाल आकडा आला आणि त्याने न बघताच सांगितलं, "फेल." प्रमाणपत्र नाही म्हणजे विम्याचं नूतनीकरण अडलं, आणि विमा नाही म्हणजे चौकातल्या सार्जंटकडे बघून मान खाली घालायची वेळ आली. पण मुजुमदारांना लागलं ते वेगळंच. 'फेल' हा शब्द दुसऱ्याला सांगायची त्यांना तीस वर्षांची सवय होती. स्वतःला ऐकायची मुळीच नव्हती.

मुजुमदार केंद्र सरकारच्या एका कचेरीत तपासणी अधिकारी होते. सरकारी खरेदीचा माल, म्हणजे नळाच्या तोट्या, बिजागऱ्या, वाल्व असलं काहीबाही कारखान्यांकडून आलं, की त्यातले ठरावीक नग नमुना म्हणून उचलायचे, मोजायचे, आणि त्यावरून अख्ख्या मालावर 'स्वीकृत' किंवा 'अस्वीकृत' लिहून खाली सही ठोकायची. नागपूर, भोपाळ करत ते अकरा वर्षांपूर्वी कलकत्त्याला आले आणि इथंच रुतले. मुजुमदार हे आडनाव ऐकून शहरातला प्रत्येक माणूस त्यांच्याशी बंगालीत सुरू होई, आणि त्यांचं बंगाली ऐकून तितक्याच लगबगीने हिंदीवर येई. डिसेंबरअखेर ते निवृत्त होणार होते.

या निवृत्तीनेच सगळा घोटाळा केला. एका रात्री जेवताना त्यांची लेक कादंबरी सहज म्हणाली, "बाबा, माझ्या मैत्रिणीचे बाबा कुमारटुलीत दुर्गेच्या प्रतिमा घडवतात. तुम्ही तीस वर्षांत काय घडवलंत?" मुलगी कलकत्त्यात वाढलेली, तिचं मराठी सरळसोट, तिला टोमणा मारायचा नव्हता, माहिती हवी होती. मुजुमदारांनी आमटीचा घास गिळला आणि विचार केला. त्यांनी पुष्कळ वस्तू नापास केल्या होत्या. पास केल्या होत्या. घडवलेली एकही आठवेना. बायकोने, सुरुचीने, विषय बदलून कोशिंबीर वाढली, आणि त्यामुळे तर तो प्रश्न जास्तच मोठा झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की गाडीचं इंजिन ते स्वतः उघडणार, स्वतः दुरुस्त करणार आणि निवृत्तीच्या आधी त्याच यंत्रापुढे उभं करून पास करून घेणार. घरात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, कारण मग माघार घेता आली असती.

पार्किंगमध्ये दुरुस्ती करायची तर सोसायटीची लेखी परवानगी लागते, हे सान्यालबाबूंनी त्यांना अत्यंत प्रेमाने समजावलं. मुजुमदारांनी अर्ज दिला. तो 'कामाचं स्वरूप अस्पष्ट' असा शेरा घेऊन परत आला. त्यांनी स्वरूप लिहिलं, तेव्हा 'कालावधी नमूद नाही' म्हणून परत आला. कालावधी लिहिला, तर दुर्गापूजा कमिटीचा मंडप पार्किंगमध्ये पडायच्या आत काम संपेल असं हमीपत्र मागितलं. हे सगळे शेरे मुजुमदार आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर लिहीत आले होते, आणि ते वाचायला इतके कडू असतात याची त्यांना कल्पनाच नव्हती. चौथ्या अर्जाला परवानगी मिळाली, सोबत एक सल्ला फुकट.

इंजिन उघडणं सोपं गेलं. उघडणं कुणालाही सोपं जातं. हेड निघालं, सिलिंडर निघाला, आणि आतला पिस्टन दिसला. त्याच्या अंगावर तीन खाचा आणि खाचांमध्ये तीन कड्या, म्हणजे रिंगा. याच झिजल्या की खालचं तेल वर जाऊन जळतं आणि शेजाऱ्यांचं दीर्घ श्वसन बिघडतं. सुरुचीने तिची शंकरपाळ्यांची परात सुटे भाग धुवायला दिली. ती परत घेणार नाही एवढंच तिने शांतपणे सांगितलं.

सिलिंडर झिजला होता, तो आतून थोडा कापून मोठा करायला हवा होता. कुणीतरी हावड्याच्या हाराधनबाबूंचं नाव सांगितलं. मुजुमदार सिलिंडर पिशवीत घालून फेरीबोटीने नदीपलीकडे गेले. हावड्याच्या गल्ल्यांत घराघरातून लेथ चालतात, त्यातल्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये हाराधन हे साठीचे, किडकिडीत, लुंगीवाले गृहस्थ बसले होते. त्यांनी नाव विचारलं, मुजुमदारांकडे जरा जास्त वेळ पाहिलं, "ओ, मुजुमदार साहेब," म्हणाले आणि स्वतःचं स्टूल पुसून दिलं. मग सिलिंडरमध्ये अंगठा फिरवून त्यांनी सांगितलं, की पाव मिलिमीटर मोठा करावा लागेल. तेवढ्याच मोठ्या मापाचा पिस्टन आणि रिंगा घेऊन या, त्याप्रमाणे कापून देतो. अंगठ्याने पाव मिलिमीटर मोजणाऱ्या माणसाकडे मुजुमदारांनी दयेने पाहिलं. घरी येऊन त्यांनी कचेरीच्या दर्जाच्या मोजमाप यंत्राने तेच मोजलं. पाव मिलिमीटरच निघालं.

मल्लिकबाजारात मोटारींचं झाडून सगळं मिळतं. तिथल्या एका दुकानदाराने त्यांच्यासमोर तीन प्रकारचे रिंगांचे संच टाकले. मुजुमदारांनी व्हर्नियर कॅलिपर काढला आणि एक रिंग आडवी मोजली, मग उभी मोजली, मग तिरकी मोजली. तिन्ही मापं वेगळी आली. त्यांनी दुसरा संच मोजला, तिसरा मोजला. मग चष्मा वर करून ते दुकानदाराला म्हणाले की त्याच्या दुकानात एकही रिंग गोल नाही. दुकानाशी गर्दी जमली. दुकानदार पान चघळत शांतपणे म्हणाला, "दादा, रिंग बाहर में गोल होता ही नहीं है. अंदर जाता है, दबता है, तब गोल होता है." गर्दीने माना डोलावल्या. सरकारी नोकरीची याहून चांगली व्याख्या आपण ऐकलेली नाही असं मुजुमदारांना वाटलं, पण त्यांनी तसं चेहऱ्यावर दाखवलं नाही. त्यांनी मधला संच आणि त्याच मापाचा पिस्टन घेतला. स्वस्त घ्यावा तर भीती आणि महाग घ्यावा तर चूक, अशा पेचात मध्यमवर्गीय माणूस नेहमी मधलंच घेतो.

सिलिंडर आणि नवा पिस्टन हाराधनबाबूंकडे पोचवून झाला, आणि मुजुमदार सतरा तारखेला कापलेला सिलिंडर आणायला गेले. मराठी माणूस हत्यारांची पूजा खंडेनवमीला करतो, त्यामुळे सतरा सप्टेंबर म्हणजे विश्वकर्मा पूजा हे अकरा वर्षं इथं राहूनही त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. गल्लीतली एकूणएक यंत्रं बंद, आकाशात पतंग, आणि हाराधनबाबूंच्या शेडमध्ये हत्तीवर बसलेल्या विश्वकर्म्याची मूर्ती. लेथला झेंडूच्या माळा. आणि बोअरिंगच्या यंत्रात घट्ट आवळलेला, गंध लावलेला, फूल वाहिलेला मुजुमदारांचा सिलिंडर. काम अर्धं झालं होतं. यंत्राची पूजा झाली तेव्हा तो त्यातच होता, म्हणून त्याचीही झाली. आज कुणी हत्याराला हात लावणार नव्हतं, आणि उद्या विसर्जन. मुजुमदारांनी रजा वाया गेल्याचं जरा कडक शब्दांत सांगून पाहिलं. हाराधनबाबूंनी त्यांना पत्रावळीवर खिचडी आणि तळलेलं वांगं वाढलं. खिचडी अप्रतिम होती आणि त्यामुळे रागावणं अवघड झालं.

तिसऱ्या दिवशी सिलिंडर मिळाला. देताना हाराधनबाबूंनी एकच गोष्ट नीट बजावली. प्रत्येक रिंगेला एक चीर असते. रिंग एकेक करून सिलिंडरमध्ये सरळ बसवायची आणि त्या चिरेच्या दोन टोकांत किती फट राहते ते फीलर गेजच्या पातळ पोलादी पात्या घालून बघायचं. फट कमी असेल तर टोक कानशीने हळूहळू घासायचं. इंजिन तापलं की रिंग फुगते, आणि फुगायला जागा नसेल तर टोकं एकमेकांना भिडतात आणि सगळं जाम होतं. "तीनों का देखना, सार," ते म्हणाले. मापं कशी घ्यावीत हे मुजुमदारांना कुणी शिकवावं, हा प्रसंग त्यांनी खिचडीच्या आठवणीने गिळला.

घरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून काम सुरू झालं. पहिला संच पाच मिनिटं टिकला. रिंग खाचेत चढवायला दोन्ही अंगठ्यांनी थोडी फाकवावी लागते. मुजुमदारांनी ती जरा जास्तच मनापासून फाकवली आणि ती टचकन मोडली. रिंगा सुट्या मिळत नाहीत. दुकानदाराने दुसरा संच देताना काही विचारलं नाही, फक्त पान दुसऱ्या गालात घेतलं.

दुसऱ्या संचाच्या वेळी मुजुमदार सावध होते. त्यांनी पहिली रिंग सिलिंडरमध्ये बसवली, पात्या घातल्या. फट कमी होती. कानस मारली, पुन्हा बसवली, पुन्हा मोजली. दोन तास ते घासत होते आणि मोजत होते, आणि तेवढे दोन तास त्यांना जगाचं भान नव्हतं. सुरुची दारात उभी राहून बघत होती. नवरा इतका सुखात तिने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. शेवटी पाती अगदी हवी तशी, किंचित अडखळत सरकली. मुजुमदारांनी वही उघडली आणि तीस वर्षांच्या सवयीने, विचार न करता, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'नमुना योग्य. माल स्वीकृत.' मग उरलेल्या दोन रिंगा त्यांनी न मोजता पिस्टनवर चढवल्या.

यात त्यांचा आळस नव्हता, हे इथं सांगायला हवं. एकाच डबीतला, एकाच कारखान्याचा माल; त्यातला एक नग तपासला की माल तपासला, हा त्यांच्या लेखी निसर्गनियम होता. सूर्य उगवला का हे आपण पूर्वेच्या एकाच खिडकीतून बघतो, चारी भिंती फोडत नाही.

गाडी सुरू झाली. धूर नाही. सान्यालबाबूंनी पार्किंगमध्ये येऊन मुद्दाम एक दीर्घ श्वास घेतला आणि अभिनंदन केलं. रविवारी सकाळी मुजुमदार सुरुचीला मागे बसवून तपासणीच्या टपरीकडे निघाले. टपरी जवळच होती, पण त्यांना फेरफटका हवा होता, म्हणून लांबून, ढाकुरियाच्या पुलावरून जायचं ठरलं. पुलाच्या चढावर इंजिन जड झालं, मग करकरलं, आणि मग अडकलं ते अडकलंच. किक जागची हलेना.

मिनिटभरात सात माणसं जमली. एक म्हणाला प्लग, दुसरा म्हणाला कार्बोरेटर, तिसऱ्याने पेट्रोल आहे का हे टाकीचं झाकण उघडून स्वतः पाहिलं. चौथा म्हणाला, कुणा नवशिक्या माणसाने इंजिन खोललं होतं का. मुजुमदार रस्त्यापलीकडच्या जाहिरातीचा फलक वाचत राहिले. सुरुचीने ओढणी कमरेला बांधली आणि गाडीला मागून हात लावला. "मी म्हटलं नव्हतं का" हे ती म्हणाली नाही. पूल उतरेपर्यंत ती गाडी ढकलत राहिली, आणि खाली आल्यावर म्हणाली, "अहो, ते दोन तास तुम्ही छान दिसत होता." मुजुमदारांनी ब्रेक तपासल्यासारखं केलं.

मंडप उभा राहायला चार दिवस उरले होते, म्हणून गाडी टेंपोत घालून थेट हावड्यालाच नेली. हाराधनबाबूंनी शेडच्या दारात इंजिन उघडलं, पिस्टन उजेडात धरला आणि मधल्या रिंगेवर बोट ठेवलं. तिची दोन्ही टोकं एकमेकांवर दाबली जाऊन आरशासारखी चकचकीत झाली होती. सिलिंडरला एक बारीक ओरखडा होता, तो घोटून जाण्यासारखा.

"ये वाला का फाँक देखा था, सार?"

"पहला वाला देखा था," मुजुमदार म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं, की नमुना घेतला होता, तो योग्य होता, आणि नमुना योग्य असेल तर उरलेला माल...

वाक्य पुरं झालं नाही, कारण हाराधनबाबू हसत होते. कुत्सित नाही, एखादी जुनी ओळख पटल्यासारखं. मग पिस्टन पुसत पुसत त्यांनी सांगितलं ते असं, की आठ वर्षांपूर्वी त्यांनी मुजुमदारसाहेबांच्या कचेरीला चारशे पितळी वाल्व करून दिले होते. वीस नग उचलले गेले, तीन मापात नाही भरले, आणि चारशेच्या चारशे परत आले. ते परत आलेले वाल्व त्यांनी या शेडमध्ये बसून एकेक करून मोजले. एकूण नऊ खराब निघाले. उरलेले चांगले होते. पण तोवर कागदावर मुजुमदारसाहेबांची सही झाली होती, म्हणून सगळे वितळवायला दिले.

"आपका दोष नहीं है, सार. नियम तो नियम है. लेकिन हम सब नापा था. चार सौ."

मुजुमदारांनी आठवायचा प्रयत्न केला. चारशे वाल्व, वीस नग, अस्वीकृत, सही. त्यांना काहीच आठवेना. अशा सह्या रोजच्या होत्या. हाराधनबाबूंना एकेक आकडा पाठ होता आणि आपल्याला वर्षसुद्धा आठवत नाही, याची मुजुमदारांना लाज वाटली, आणि ती अशी वाटली की पुलावरची सात माणसं परवडली. नियम चुकीचा नव्हता, हे त्यांना अजूनही पटत होतं. फक्त परत गेलेला माल कुठंतरी कुणाच्या तरी शेडमध्ये पोचतो, हे तीस वर्षांत त्यांच्या मनात आलं नव्हतं.

माफी मागायची म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच. ते म्हणाले, "हाराधनबाबू, मैं यहाँ बैठ के रिंग घिस लूँ?"

सिलिंडरचा ओरखडा घोटून झाला. मल्लिकबाजारातून तिसरा संच आला. दुकानदाराने या वेळी पान थुंकून मुजुमदारांना नमस्कार केला. हाराधनबाबूंनी खिडकीजवळ स्टूल मांडून दिलं आणि स्वतः लेथवर दुसरं काम लावून पाठ फिरवली. मुजुमदारांनी पहिली रिंग सिलिंडरमध्ये बसवली, मोजली, घासली, मोजली. मग दुसरी. दुसरी हट्टी होती. चष्मा घसरत होता, कानशीने बोटाचं सालटं निघालं, बाहेर कुणीतरी पूजेचा ढोल, ढाक, वाजवून बघत होतं. मग तिसरी, तेल निपटणारी रिंग, जी तीन पातळ तुकड्यांची मिळून होते. मधल्या तुकड्याची फट बघायची नसते; वरच्या आणि खालच्या, दोन्ही तुकड्यांची त्यांनी बघितली. चार वाजून गेले. त्यांनी वही काढली नाही.

पुढं गाडी सुरू झाली, यंत्रासमोर उभी राहिली, टपरीवाल्याने न बघताच "पास" म्हटलं, आणि मंडपाचे बांबू यायच्या आदल्या दिवशी सान्यालबाबूंना जागा मोकळी मिळाली. हे सगळं यथासांग झालं. पण मुजुमदारांना विचाराल तर ते त्यातलं काहीच सांगत नाहीत. ते सांगतात ते त्या दुपारचं.

त्यांनी घासलेल्या रिंगा एका स्वच्छ फडक्यावर ओळीने मांडल्या आणि हाराधनबाबूंना हाक मारली. फीलर गेज शेजारीच ठेवला होता, योग्य ती पाती बाहेर काढून. हाराधनबाबूंनी हात पुसले, वाकून रिंगा पाहिल्या, आणि एकेक उचलून सरळ पिस्टनवर चढवायला लागले.

"हाराधनबाबू, नापा नहीं आपने."

"आपने नापा न?"

"हाँ."

"सब?"

"सब."

"तब तो हो गया," हाराधनबाबू म्हणाले आणि पुढची रिंग उचलली.

मुजुमदार उभेच राहिले. आता हातांचं काय करायचं ते त्यांना सुचेना. आपला माल पास झाला की माणूस काय करतो, हे त्यांनी तीस वर्षं टेबलाच्या पलीकडून पाहिलं होतं. तो घाम पुसतो, उगाच हसतो आणि साहेबांसाठी चहा सांगायला जातो. मुजुमदारांनी घाम पुसला. मग ते शेडबाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर उभे राहून, घसा दोनदा साफ करून, त्यांनी दोन चहा सांगितले.